परदेशी विद्यापीठ आणि घरचा उंबरठा

बंगळूर शहराच्या आग्नेय अंगाला कोरमंगला नावाची वसाहत आहे. एके काळी गावाबाहेरचे खेडे असलेला हा भाग आज नव्या उद्योगांचे, संगणकाच्या कचेऱ्यांचे आणि तरुण मंडळींच्या वर्दळीचे ठिकाण म्हणून ओळखला जातो. संध्याकाळच्या वेळी तेथील हमरस्त्याने हिंडू लागले की उपाहारगृहांच्या झगझगीत पाट्यांमधून परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या कचेऱ्यांच्या पाट्याही डोकावू लागतात. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया. जणू सारी पृथ्वी या एका वसाहतीत भाड्याची खोली घेऊन बसलेली असते. अशी एखादी कचेरी दुसऱ्या मजल्यावर असावी, जिना अरुंद असावा, आणि चाकाच्या खुर्चीतून आलेला एखादा विद्यार्थी त्या जिन्याच्या पायथ्याशी थांबावा. पुढे काय घडते ते आपल्या देशात कोणास सांगावयास नको. दोन माणसे धावत येतात, खुर्चीसकट त्याला उचलतात आणि वर नेऊन ठेवतात. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सातासमुद्रांपलीकडे जाऊन एकट्याने राहावयाचे, असे ज्याने मनाशी योजले, त्याची पहिली चौकशीच दुसऱ्याच्या खांद्यावरून होते.

अपंग विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाचा विचार करताना आपले लक्ष बहुधा तिकडच्या विद्यापीठाच्या दाराकडे लागलेले असते. ते दार उघडेल काय, तेथे उतार असेल काय, शिष्यवृत्ती मिळेल काय, हे प्रश्न खरेच आहेत. तथापि अधिक अवघड प्रश्न अलीकडचे आहेत. आपल्याकडे मदत मिळते ती माणसांच्या मायेतून: आई धडे वाचून दाखविते, मित्र हात धरून वर्गात नेतो, परीक्षेला लेखनिक येतो. तिकडे मदत मिळते ती हक्क म्हणून, ठरावीक कचेरीत, ठरावीक मुदतीत आणि स्वतः मागितली तरच. पहिल्या रीतीत वाढलेल्या मुलाला दुसरी रीत विमानातून उतरल्याबरोबर साधेल, अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्यायच करणे होय.

याच कोरमंगलाशी ‘एनेबल इंडिया’ या संस्थेचे नाव निगडित आहे. शांती राघवन आणि दीपेश सुतारिया या पतिपत्नींनी ती १९९९ साली स्थापन केली. तिचा उगम एका घरच्या दुःखात आहे. शांतीबाईंच्या भावाची दृष्टी ऐन विद्यार्थिदशेत मंदावत जाऊन नाहीशी झाली. त्या वेळी त्या अमेरिकेत होत्या. भावाला त्यांनी तिकडे बोलावून घेतले. तेथे दृष्टीवाचून वावरण्याची, वाचण्याची आणि काम करण्याची साधने त्याच्या हाती आली. पुढे मायदेशी परतून त्याने व्यवस्थापनाचे शिक्षण पुरे केले, पण नोकरीच्या दारात त्याला नकारामागून नकार मिळाले. बहिणीने यातून जो बोध घेतला तो विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेने भावाला दिले ते ज्ञान काही गुप्त नव्हते, आणि ते मिळविण्यासाठी प्रत्येक अंध तरुणाने महासागर ओलांडण्याची आवश्यकताही नव्हती. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी प्रणाली इकडेही शिकविता येते. आता तर अशी एक उत्तम प्रणाली विनामूल्य मिळते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली तिचा आरंभ केला. संस्थेचे काम मुख्यतः रोजगाराचे आहे, परदेशी शिक्षणाचे नव्हे. परंतु नोकरीसाठी जे हात तयार होतात, तेच परक्या देशातल्या ग्रंथालयातही उपयोगी पडतात.

हा अनुभव जुनाच आहे. वेद मेहता हे नाव वाचकवर्गाला परिचित आहे. लाहोरचा हा मुलगा चार वर्षांचा होण्यापूर्वीच मेंदूज्वराने अंध झाला. त्याच्या डॉक्टर वडिलांनी त्याला थेट मुंबईस, दादरच्या अंधशाळेत धाडले. पुढे फाळणीत घरदार सुटले. लढाईत दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी डेहराडून येथे जी संस्था होती, तेथे हा मुलगा टंकलेखन शिकला, आणि त्या यंत्राच्या आधारे त्याने इंग्लंड-अमेरिकेतील शाळांना स्वतः पत्रे लिहावयास आरंभ केला. बहुतेक ठिकाणांहून नकार आले. अखेर १९४९ साली अर्कान्सा राज्यातील अंधशाळेने त्याला घेतले, तेव्हा त्याचे वय पंधरा वर्षांचे होते. पुढे पमोना कॉलेज, ऑक्सफर्डचे बेलियल आणि हार्वर्ड अशा पायऱ्या चढत तो इंग्रजीतील नामवंत लेखक झाला. त्याच्या बुद्धीचे कौतुक पुष्कळांनी केले. कौतुक खरे त्या टंकलेखन यंत्राचेही करावयास हवे. पत्र त्याला दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागले नाही. नकार आला तोही त्याच्याच नावाने आला, आणि त्याने दुसरे पत्र लिहिले.

मुंबईच्या मालिनी चिब यांची कथा याहून निराळी. १९६६ साली जन्मलेल्या मालिनीबाईंना मेंदूच्या पक्षाघाताने हालचाल आणि बोलणे दोन्ही दुष्कर झाले. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी संस्था काढली. मालिनीबाईंनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढे लंडनमध्ये दोन विषयांत एम. ए. केले. एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी आत्मचरित्र लिहिले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले. मुंबईत त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांची वाण नव्हती, पण घराबाहेर पडावयाचे तर कोणाची तरी सोबत हवी. लंडनमध्ये विजेवर चालणाऱ्या खुर्चीने ही सोबत अनावश्यक केली. सोबतीला नको म्हणता येणे ही चैन नव्हे, प्रौढ माणसाचा तो साधा अधिकार आहे. मात्र अपंगांच्या बाबतीत तो आपल्या समाजाला अजून चमत्कारिक वाटतो.

परंतु परदेश म्हणजे स्वर्ग, अशीही समजूत नको. लंडनच्या बसगाड्या, जुन्या काळची स्मृती म्हणून राखलेल्या काही सोडल्यास, २००५ अखेर सखल तळाच्या झाल्या. भुयारी रेल्वेच्या मात्र सुमारे एक-तृतीयांश स्थानकांतच पायऱ्यांवाचून फलाटावर जाता येते. कायद्यांतही अशाच खाचाखोचा आहेत, आणि त्या निघण्यापूर्वीच ठाऊक असाव्यात. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्याने विद्यापीठावर योग्य ती सोय करण्याचे बंधन घातले आहे. पण तेथील अपंग विद्यार्थ्यांना सरकारकडून जो खास भत्ता मिळतो, तो शिकावयास आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. अमेरिकेत १९७३ आणि १९९० च्या कायद्यांमुळे विद्यापीठे दुभाष्या देतात, पाठ्यपुस्तके वाचता येतील अशा रूपात देतात, परीक्षेला जादा वेळ देतात. मात्र सकाळी अंघोळ घालणारा, कपडे चढविणारा मदतनीस हा खाजगी खर्च मानला जातो. ज्याला असा मदतनीस लागतो त्याचे अंदाजपत्रक केवळ या एका बाबीने कोलमडू शकते, आणि येथे तर ते काम घरच्या माणसांनी केल्यामुळे त्याचा हिशेब कधी कागदावर उतरलेलाच नसतो. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून अपंगांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई आहे. पण देशात प्रवेश देण्याचा कायदा तिथल्या संसदेने त्यातून वगळून ठेवला आहे. म्हणजे विद्यापीठाने प्रवेश दिला तरी प्रवेशपत्रावर शिक्का देणाऱ्या कचेरीची आरोग्यतपासणी वेगळीच राहते.

कागदांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट विस्ताराने सांगणे इष्ट आहे. आपल्याकडे अपंगत्व टक्क्यांत मोजतात. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस केले, तरी सवलतीची रेघ चाळीस टक्क्यांवरच आहे. सरकारी कागदांवर ‘अपंग’ गेले, ‘विकलांग’ गेले, ‘दिव्यांग’ आले. टक्के जागच्या जागी आहेत. आता हा विद्यार्थी ‘साठ टक्के’ असे प्रमाणपत्र घेऊन तिकडच्या विद्यापीठातील साहाय्य-कचेरीत जातो. तेथील बाई ते आदराने पाहतात आणि विचारतात, पुस्तक कसे वाचता? एका पानाला किती वेळ लागतो? फळ्यावरचे दिसते काय? हात किती वेळ लिहू शकतो? साठ टक्क्यांत यांपैकी एकाचेही उत्तर नसते. आणि बरेचदा विद्यार्थ्याजवळही नसते, कारण हे प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेले नसतात. सारे काही आईला ठाऊक असते. इकडे असतानाच डॉक्टरांकडून कार्यक्षमतेचे सविस्तर वर्णन लिहून घेणे, इंग्रजीच्या प्रवेशपरीक्षेसाठी जादा वेळ किंवा ब्रेल प्रश्नपत्रिका हवी असल्यास कित्येक आठवडे आधी अर्ज करणे, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींवर वर्ष वाया जाणे वा न जाणे अवलंबून असते.

कर्णबधिर विद्यार्थ्यांची अडचण अगदीच वेगळी. खुणांची भाषा सगळ्या जगाची एकच, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः अमेरिकेतील खूणभाषेचे नाते फ्रान्सच्या खूणभाषेशी आहे. १८१७ साली हार्टफर्ड येथे निघालेल्या शाळेत फ्रेंच शिक्षक लोरां क्लेर यांच्यामुळे ते जुळले. भारतीय खूणभाषेची इंग्रजी मुळाक्षरे दोन हातांनी दाखवितात, अमेरिकेतली एका हाताने. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात जाणाऱ्या आपल्या मुलाला त्यामुळे इंग्रजीबरोबर आणखी एक नवी भाषा बोटांना शिकवावी लागते. भारतीय खूणभाषेसाठी दिल्लीत राष्ट्रीय संस्था निघाली ती २०१५ साली, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या तयारीला किती उशीर झाला ते कळते.

पैशाविषयी थोडक्यात. परदेशी उच्च शिक्षणासाठी अपंग विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. तिच्या वर्षाला वीस जागा ठेवण्यात आल्या, त्यांपैकी सहा स्त्रियांसाठी. भारतासारख्या खंडप्राय देशाला वीस! कारकुनी दृष्टीने ही संख्या आटोपशीर खरी. जेथे योजनेची माहितीच पोचत नाही तेथे वीस जागाही पुष्कळ वाटतात, आणि मग जागा रिकाम्या राहिल्या तर मागणीच नाही, असा निष्कर्ष काढावयास कचेरी मोकळी राहते.

आणि विमानप्रवास. जीजा घोष या कोलकात्याच्या बाई. त्यांनाही मालिनीबाईंसारखाच मेंदूचा पक्षाघात. त्या इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शिकून, अपंगत्व-अभ्यास या विषयात पदवी घेऊन परतल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या गोव्यातील एका परिषदेसाठी कोलकात्याहून निघाल्या असता, विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये विमान-कंपनीस दहा लक्ष रुपये भरपाई देण्यास सांगितले. म्हणजे जी स्त्री परदेशी विद्यापीठाची पदवी घेऊन आली, तिला अडवणूक झाली ती स्वदेशात, कोलकाता ते गोवा या वाटेवर.

यातून परतण्याचा प्रश्न पुढे येतो, आणि परदेशी शिक्षणाच्या चर्चेत तोच बहुधा राहून जातो. वेलोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांना जानेवारी १९५४ मधील मोटार-अपघातानंतर कमरेखाली संवेदना उरली नाही. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, मग ऑस्ट्रेलियात पर्थ येथे आणि पुढे न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले. परत येऊन १९६३ साली त्यांनी वेलोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील त्या विषयाच्या विभागाची धुरा उचलली आणि १९६६ साली तेथे रुग्णांसाठी पुनर्वसन-केंद्र उभे राहिले. त्या परतल्या तेव्हा त्यांना काम करता येईल अशी जागा रुग्णालयाने राखून ठेवली होती. सर्वांच्या वाट्याला असे वेलोर येत नाही. दोन वर्षे एकट्याने बाजारहाट केलेली, बसने हिंडलेली मुलगी घरी येते आणि पुन्हा दोन माणसांच्या खांद्यांवर जाते. कित्येक मुले परततच नाहीत; त्यांना केवळ पैशाचा मोह पडला, असे म्हणणे सोपे आहे.

आता पुन्हा कोरमंगला. तेथील पदपथ म्हणजे पुष्कळ ठिकाणी गटारावर टाकलेल्या फरश्या. एखादी हलते, एखादी नसते, मध्येच विजेची पेटी उभी. परदेशी जाण्यापूर्वी पांढरी काठी घेऊन एकट्याने चालण्याचा सराव करावयाचा तो याच रस्त्यांवर. येथे ज्याने हा सराव केला त्याला लंडनचा पदपथ फारसा घाबरविणार नाही, हेही खरे. घराच्या दाराशी सहा इंचांची एक पायरी असते. उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे सहा इंचांना सहा फूट लांबीचा उतार हवा. दारापासून गटारापर्यंत एवढी जागा अनेक घरांना नसते. ज्या घराला ती असते, तेथे हा उतार मुलगा परतल्यावर बांधावा की तो निघण्याआधी, एवढाच प्रश्न उरतो. आणि जाण्याआधी दोन वर्षे जर तो त्यावरून स्वतःच जाऊ-येऊ लागला, तर त्या कचेरीच्या जिन्यापाशीही तो कोणाला उचला म्हणणार नाही, मालकाला खाली बोलावील.