डोक्यातला कूलर आणि पिशवीतली गोळी



रेडिओवर मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे मोठा ऐटदार : मेंदूत बसवायचं थंडाव्याचं यंत्र. फिट थांबवायला, कंपवाताची थरथर थांबवायला. विषयावर बोलतोच. पण आधीच सांगून ठेवतो, मी शेवटी गोळीवर येणार आहे. मेळघाटात सेमाडोहच्या बाजूला पेशंट पाहणारा माणूस मिरगीवर बोलायला लागला की गोळीवरच येतो, त्याला इलाज नाही.

हा विषय कुठून निघाला? मोबाइलमधून. कोणीतरी व्हिडिओ पाहतो आणि दुसऱ्या दिवशी बाप पोराला घेऊन हजर. "सायेब, ते डोक्यात गार करायचं मशीन आपल्याकडं कवा येते?" बरं, तोवर गोळी चालू आहे का? "नाही जी, मशीन येनार आहे म्हनून थांबलो."

आता बोला!

तर आधी मशीन. आपण वऱ्हाडातली माणसं, अकोल्याचा पारा 45 च्या वर गेला की आपल्याला कूलर काय चीज आहे ते कोणी शिकवायला नको. कूलर अख्ख्या घराचा उन्हाळा घालवत नाही. म्हातारी ज्या खोलीत निजली आहे, त्या खोलीच्या खिडकीत तो बसतो. हे यंत्रही तेवढंच करू पाहतं. अख्खं डोकं गार करायचं नाही. फिट जिथून उठते ती मेंदूची लहानशी जागा तेवढी गार करायची. मेंदू असतो 37 अंशांच्या आसपास. ती जागा 20–25 अंशांवर आणली की तिथल्या पेशी एकमेकींना निरोप धाडण्यात मंद होतात आणि फिटची लाट उठता उठता विरते. जागा पुन्हा उबेला आली की काम पूर्ववत.

हे हवेतलं बोलणं नाही. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये विजेचा बारीक झटका देऊन कुठली जागा कशासाठी आहे हे तपासतात, आणि त्या झटक्यानं कधी कधी टेबलावरच फिट सुरू होते. तेव्हा मेंदूवर रिंगर लॅक्टेट नावाचं सलाइनसारखं थंडगार द्रावण ओतलं की ती काही सेकंदांत थांबते, हे अमेरिकेत सार्टोरियस आणि बर्गर या शल्यविशारदांनी 1998 मध्ये लिहून ठेवलं. पुढं सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्टीव्हन रॉथमन यांनी उंदरांच्या मेंदूवर पेल्तिएची चकती ठेवून फिट आखूड करून दाखवल्या. पेल्तिए हा फ्रेंच माणूस. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक सांधा गार पडतो आणि दुसरा तापतो, हे त्याला 1834 मध्ये दिसलं. जपानात यामागुची विद्यापीठाच्या डॉ. सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याही पुढं जाऊन, ऑपरेशनला आलेल्या माणसांच्या मेंदूचा फिटवाला भाग काढण्याआधी 15 अंशांपर्यंत गार करून पाहिला. विजेची खळबळ शमली.

मग अडलं कुठं? कूलरवाल्या माणसाला विचारा, तो सांगेल. खोली बंद करून कूलर लावला तर काय होतं? दमट हवा आतच कोंडते आणि अंग चिकट होतं. हवेला बाहेर जायला वाट लागते. पेल्तिएच्या चकतीची एक बाजू गार झाली की दुसरी तापणारच, आणि ती तापलेली बाजू कवटीच्या आत आहे. ती उष्णता न्यायची कुठं? जपानी मंडळींनी पाणी फिरवायची सोय केली. म्हणजे पाणी आलं, पंप आला, पंपाला बॅटरी आली. वैशाखात कूलरच्या टाकीत पाणी भरायचं राहिलं की दुपारी तीनला काय होतं ते घरोघरी माहीत आहे. मेंदूतल्या कूलरचं 'पाणी' संपलं तर भरणार कोण?

वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात डी'अँब्रोसिओ यांनी साधी वाट काढली, ती मला फार आवडते. डोक्याला मार बसलेल्या उंदरांच्या मेंदूची जागा त्यांनी जेमतेम 2 अंशांनी गार ठेवली, पंप नाही, बॅटरी नाही, उष्णता आपोआप बाहेर जाईल एवढीच तजवीज. म्हणजे कूलर नाहीच, नुसती खिडकी उघडी. आणि पुढं येणाऱ्या फिट थांबल्या. हे 2013 चं. पण ते उंदीर होते. हे विसरू नका. उंदीर होते.

कंपवाताचं दोन वाक्यांत सांगतो. न्यूयॉर्कचे डॉ. अर्व्हिंग कूपर 1960 च्या सुमारास द्रवरूप नायट्रोजननं मेंदूतला थॅलॅमस नावाचा भाग गोठवायचे. आधी थोडंसंच गार करायचे. हाताची थरथर थांबली आणि बोलणं-चालणं शाबूत राहिलं, तर जागा बरोबर आहे असं समजून पुढं गोठवायचे. एकदा गोठवलेलं परत येत नाही. आज त्या कामाला विजेच्या तारा बसवतात, मुंबईत जसलोकमध्ये डॉ. परेश दोशी हे काम कितीतरी वर्षं करत आहेत. थंडाव्यानं तेच काम, पण नासधूस न करता, ही कल्पना अजून प्रयोगशाळेत आहे. आणि थंडावा चुकीच्या जागी पडला तर? 2016 मध्ये मायकल लाँग आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनमध्ये बोलण्याच्या जागा गार करून पाहिल्या, तर एका जागी माणसाचं बोलणं मंदावलं आणि दुसऱ्या जागी उच्चार बिघडले. ऊब आल्यावर पूर्ववत झालं. पण जागा अचूक हवी.

तर त्या बापाला उत्तर. हे यंत्र अमरावतीत नाही, नागपुरात नाही, मुंबईत नाही. दुकानात मिळतं, बसवलं आणि घरी गेलं, असं मेंदू गार करणारं यंत्र आज जगात कुठंही नाही. मी त्याच्या विरुद्ध नाही. यावं, लवकर यावं.

आता माझं म्हणणं ऐका, इथं बरेच जण कान बंद करतात. अशी यंत्रं, आज मिळणारी विजेची आणि उद्या येणारी थंडाव्याची, कोणासाठी असतात? ज्यांची फिट गोळ्यांनी थांबत नाही त्यांच्यासाठी. आणि गोळ्यांनी थांबत नाही असं म्हणायचं कधी? योग्य निवडलेली दोन औषधं, पुरेशा मात्रेत, नियमानं घेऊनही फिट येत राहिली तर. फिटवाल्या दहा माणसांत नीट औषध घेतल्यावर सहा-सात जणांच्या फिट थांबू शकतात. तुमचा मुलगा त्या सात जणांतला आहे की उरलेल्या तिघांतला, हे मला कसं कळणार? तो पंधरा दिवस गोळी घेतो, बरं वाटतं म्हणून सोडतो, फिट येते, मग तुम्ही म्हणता, "गोळी लागू पडत नाही." अहो, गोळी लागू पडली होती म्हणून तर बरं वाटत होतं! कूलर लावून खोली गार झाली, म्हणून कोणी बटण बंद करतं का? बाहेर ऊन तसंच आहे.

पुन्हा सांगतो, कारण आत्ता कोणीतरी चहा आणायला उठलं असेल. गोळी हरली असं म्हणायला आधी गोळी नीट खावी लागते.

मेळघाटात याची एक खास अडचण आहे, आणि ती मुंबईच्या पुस्तकात लिहिलेली नाही. दिवाळी झाली की आमची कोरकू माणसं घाट उतरून कामाला निघतात. परतवाडा, दर्यापूर, अकोट, कुठं वीटभट्टी, कुठं कापूस वेचणी. गठोड्यात तवा जातो, घोंगडी जाते, कोंबडीसुद्धा जाते. गोळीची पुडी घरी राहते. फिनोबार्बिटोन ही 1912 पासूनची जुनी गोळी, स्वस्त आणि गुणी, पण तिला एक खोड आहे : एकदम बंद केली की फिट एकामागून एक येतात. तेही परगावी, भट्टीजवळ. आणि होळीला परत आल्यावर काय? रात्र-रात्र जागरण, वर मोहाची. झोप मोडली आणि दारू पोटात गेली की फिटला आमंत्रणच. म्हणून कामाला निघायच्या आठ दिवस आधी दवाखान्यात या. जास्त दिवसांच्या गोळ्या मागा, भांडून मागा. गोळीचं नाव आणि मात्रा लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तुम्ही दर्यापूरला असाल तर तिथल्या आरोग्य केंद्रात तो दाखवा. आशाताईंनो, तुम्ही ऐकत असाल तर गावातली फिटवाली माणसं तुम्हाला ठाऊक असतात. दिवाळीच्या आधी एक फेरी त्यांच्या घरी.

आणि डागणं. बोलायचं टाळत होतो. चिखलदरा तालुक्यात तान्ह्या लेकराच्या पोटाला विळा तापवून चटके दिल्याची बातमी 2025 च्या फेब्रुवारीतही आलीच. गावात मंत्र-उपचार करणाऱ्या भूमकाबाबाला मी शत्रू समजत नाही. रात्री दोन वाजता तो दारात असतो, मी नसतो. पण बाबा, झटका येतो डोक्यातून, पोटाला डागून तो कसा थांबेल? तुम्ही मंत्र म्हणा, नारळ फोडा, आणि त्याच दिवशी लेकराला घेऊन दवाखान्यात या, मी तुमचा मान ठेवीन. शहरातल्यांनी हसू नये. अमरावतीच्या भर चौकात फिट आली की नाकाशी चप्पल आणि मुठीत चाव्यांचा जुडगा कोण देतं? शिकलेली माणसंच देतात. चमचा तोंडात घालू नका, माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेलं तर गाडी बोलवा.

लग्नाचंही बोलायचं होतं. फिट येते म्हणून लग्न कायद्यानं अडत नाही, 1999 मध्ये हिंदू विवाह कायद्यातून मिरगीचा उल्लेख काढला गेला. तरी लपवाछपवी चालते, आणि सासरी गेलेली पोरगी सासूसमोर गोळी कशी खाणार म्हणून ती बंद करते. म्हणजे परत गोळीच…

काचेपलीकडून हात दाखवताहेत. एक मिनिट द्या, बायांचं राहिलं. व्हॅल्प्रोएट नावाची गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. ज्या बाईला मूल हवं आहे तिनं ती बदलून घ्यावी लागते, आणि हे दिवस राहण्याच्या आधी करायचं असतं. पण म्हणून आज रेडिओ ऐकून उद्या गोळी फेकून देऊ नका, बाई. डॉक्टरकडं जा, दुसरी सुरू होईल, मग पहिली हळूहळू उतरेल. आणि फोलिक ॲसिडची गोळी, ती कधीपासून घ्यायची तर…

बरं, वेळ झाली. ते दवाखान्यात विचारा.