रानात जाणाऱ्यांचा ताप



आज मी माकडतापाविषयी बोलणार आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात हा रोग प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये केरळातील वायनाडच्या आदिवासी वस्त्यांत त्याची साथ आली. २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही ती आली.

हा ताप गोचीड चावल्याने होतो. सरपण, पालापाचोळा, काजू गोळा करणारे आणि गुरे चारणारे त्यात सापडतात. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ. रानातली कामेही तेव्हाच असतात. ‘रानात जाऊ नका’ म्हणणे सोपे आहे. पण ज्यांची चूल रानावर पेटते त्यांनी काय करावे?

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या देणगीतून त्यांना अंगभर कपडे आणि गोचीड दूर ठेवणारे तेल मिळू द्या. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा, हे त्यांच्या बोलीत सांगू या. हा ताप माणसापासून माणसाला होत नाही. तेव्हा आजाऱ्याजवळ बसा, त्याला दवाखान्यात न्या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.