स्नेहाचे शब्द वेळेवर



एखादा कलावंत गंभीर आजारी पडला, की स्नेही त्याच्या उशाशी जमतात. जुन्या आठवणी निघतात आणि त्याच्या थकल्या चेहऱ्यावर क्षणभर स्मित उमटते. कुडाळ तालुक्यातील सोनवड्याचे सुपुत्र, थोर संगीतकार वसंत देसाई यांना मात्र हे भाग्य लाभले नाही. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघाताने त्यांना वयाच्या ६३ व्या वर्षी हिरावून नेले. मित्रांना निरोपाचे दोन शब्दही बोलता आले नाहीत.

‘प्रभात’मध्ये उमेदवारी करून ते घडले. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतील त्यांच्या प्रार्थना शाळाशाळांतून घुमल्या. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायिलेल्या संस्कृत मैत्रीगीताची चालही त्यांचीच.

वसंतरावांनी हजारो शाळकरी मुलांना समूहगान शिकविले. ती मुले आज वृद्ध झाली आहेत. कोणी अंथरुणाला खिळलेही असेल. त्यांच्यापाशी बसावे, आठवणी विचाराव्यात, टिपून ठेवाव्यात. स्नेहाचे शब्द शोकसभेसाठी राखून ठेवण्यात कसले औचित्य?