वाळीत टाकलेल्या माणसाचं धर्मस्वातंत्र्य



 या परिषदेचा विषय फार मोठा आहे. जगभरातला कायदा, धर्म आणि धर्मस्वातंत्र्य हे सगळं एका भाषणात मांडायला गेलो तर कशालाच न्याय मिळणार नाही. म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेतो. आपल्याच माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार धर्मसमूहाला कुठवर आहे? आणि ज्याला बाहेर काढलं, त्याच्या धर्मस्वातंत्र्याचं काय?

धर्मस्वातंत्र्यावरची आपली चर्चा बहुधा सरकार विरुद्ध धर्म किंवा बहुसंख्य विरुद्ध अल्पसंख्य अशी चालते. ती चालायलाच हवी. पण तिच्यात समूहाच्या पोटातला एकटा माणूस हरवतो, आणि मला आज त्याच्याच बाजूने बोलायचं आहे.

कोकणातल्या कोर्टांत ज्यांनी काम केलं आहे त्यांना हे चित्र नव्याने सांगायला नको. गावकी बसते, ठराव होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाला दळण घेत नाही. दुकानदार किराणा देत नाही. शिमग्याची पालखी गावभर फिरते, त्या एका अंगणात तेवढी थांबत नाही. जो कोणी बोलेल त्याला दंड, म्हणून सख्खा चुलतभाऊही मान खाली घालून पुढे जातो. असंच एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. घरातले म्हातारे वारले तेव्हा खांदा द्यायला वाडीतला एकही माणूस आला नाही. शेजारच्या तालुक्यातून मेव्हणे-पाहुणे येईपर्यंत मयत दुपारपर्यंत ओटीवर होतं. त्या घरच्या सुनेने मला विचारलं, "वकीलसाहेब, देव आमचा पण आहे ना?" घटनेच्या २५व्या अनुच्छेदाचा इतका नेमका अर्थ मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

हे हत्यार आपल्याकडे जुनं आहे आणि ते फक्त दुबळ्यांवर चाललं असंही नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहाला गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे त्यांना वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशीसाठी मंडळ नेमलं गेलं. सुधारकांचे अग्रणी असलेल्या रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून त्यांच्याच अनुयायांचे बोल ऐकून घेतले. हायकोर्टाच्या वाटेवर असलेला माणूस जिथे नमला, तिथे आडगावातल्या शेतमजुराने काय करावं?

त्या शेतमजुराचा विचार कायद्याच्या भाषेत सर्वांत आधी केला तो बाबासाहेबांनी. मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीवर ते होते. अस्पृश्यांनी आपले हक्क बजावायचं ठरवलं की गाव त्यांची मजुरी बंद करतं, जमिनीचा तुकडा काढून घेतं, वाट अडवतं, आणि उघड मारहाणीपेक्षा हा बहिष्कार जास्त घातक असतो, हे त्या समितीच्या १९३०च्या अहवालात स्पष्ट नोंदलेलं आहे. त्यानंतर गोलमेज परिषदेपुढे दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना पुढे ठेवला. मूलभूत हक्क कागदावर लिहिला आणि बहिष्काराचं हत्यार गावाच्या हातात तसंच राहिलं, तर त्या हक्काचा उपयोग शून्य, हे त्यांना महाडच्या सत्याग्रहानंतर पुरतं कळलेलं होतं. पुढे घटना समितीत त्यांनी ठामपणे सांगितलं की या घटनेने खेड्याला बाजूला ठेवून व्यक्तीला एकक मानलं आहे. धर्मस्वातंत्र्याचा प्रत्येक खटला वाचताना मला ही गोष्ट आठवते.

मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. समाजातून काढून टाकण्याचा कोणताही हुकूम अवैध, आणि तसं करणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना साहेब यांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. १९६२च्या जानेवारीत चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा घटनाबाह्य ठरला. श्रद्धेची शिस्त राखण्यासाठी बहिष्काराचा अधिकार हा त्या संप्रदायाच्या धर्मव्यवहाराचा भाग आहे, आणि अनुच्छेद २६ खाली तो संप्रदायाचा स्वतःचा मामला आहे, असं बहुमताने धरलं. बहुमतात आपले विदर्भातले न्यायमूर्ती मुधोळकरही होते.

एकटे पडले सरन्यायाधीश सिन्हा. बहिष्कृत माणसाला प्रार्थनास्थळ नाही, दफनभूमी नाही, म्हणजे समाज त्याला अस्पृश्यच करून टाकतो, तेव्हा हा कायदा अनुच्छेद १७च्या भावनेशी सुसंगत आहे, हे त्यांचं म्हणणं. ते अल्पमतातलं निकालपत्र आज वाचताना माझं मन भरून येतं. बहुमताने संप्रदायाकडे पाहिलं. सिन्हांनी दफनभूमीच्या दारात अडवलेल्या मयताकडे पाहिलं. बोहरा समाजातल्या सुधारकांनी तो निकाल बदलावा म्हणून १९८६ मध्ये याचिका केली. असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या माणसाने सारं आयुष्य या लढ्यात घातलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२च्या निकालाचा फेरविचार व्हायला हवा असं नोंदवून प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. ज्याला वाळीत टाकलं जातं त्याच्या प्रतिष्ठेचा, अनुच्छेद २१चा, या वादाशी थेट संबंध आहे, हे त्या आदेशात मान्य झालं, ही मी मोठी गोष्ट समजतो.

इथे मला आपल्या न्यायालयांच्या पद्धतीबद्दलही स्पष्ट बोलायचं आहे. १९५४च्या शिरूर मठ खटल्यापासून आपली न्यायालयं एक कसोटी वापरतात: अमुक प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का? हेतू चांगला असेल, पण या कसोटीने न्यायाधीशाला धर्मशास्त्री करून टाकलं. १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी स्वामीनारायण सत्संगींचा खटला निकालात काढला. मंदिर दलितांना खुलं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्या निकालाच्या ओघात सत्संगींना त्यांचा स्वतःचा धर्म त्यांना नीट कळलेला नाही, असंही सांगितलं गेलं. निकाल योग्य, वाट धोक्याची. मंदिराचं दार उघडायला अनुच्छेद २५(२)(ब) पुरेसा होता. भक्ताला त्याचा देव समजावून सांगण्याची गरज नव्हती. आज ही कसोटी समतेच्या बाजूने वापरली जाते, उद्या ती दुसऱ्या कुणाच्या हातात असेल.

आता देशाबाहेर जाऊ, कारण हाच पेच बाहेर फार टोकदारपणे समोर आला आहे. यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ छोटा आहे, पण धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा अर्धा इतिहास त्यांच्या खटल्यांनी घडवला आहे. आधी आपल्याकडचंच उदाहरण: केरळातली या पंथाची तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत शाळेत बसवलं. गाण्याची सक्ती करणारा कायदाच नाही, आणि उभं राहण्यात त्यांनी आदर दाखवलाच आहे, इतका साधा तो युक्तिवाद. रशियात २०१७ मध्ये याच पंथावर अतिरेकी म्हणून सरसकट बंदी आली. घरात जमून बायबल वाचलं म्हणून माणसं तुरुंगात गेली. या दोन्ही ठिकाणी पंथाची बाजू घ्यायला मी एक क्षणही थांबणार नाही.

पण हाच पंथ आपल्यातून काढलेल्या माणसाशी बोलणं सोडतो. कॅनडातल्या कॅलगरीत घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करणाऱ्या एका सभासदाला पंथाच्या ज्येष्ठांनी मद्यपानाच्या कारणावरून काढून टाकलं. त्याच्या घरातल्या लहान वयाच्या मुलीवर त्याआधीच तोच प्रसंग आला होता आणि त्या ताणाखाली घर होतं. गिऱ्हाइकं बरीचशी पंथातली, त्यामुळे धंदाही बसला. तो न्यायालयात गेला. २०१८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की हा आमच्या अधिकारातला विषय नाही: धर्मसंस्था ही सरकारी यंत्रणा नव्हे, कोणताही कायदेशीर हक्क बाधित झालेला नाही, आणि धार्मिक तत्त्वांचा निवाडा न्यायालयाने करायचा नसतो. बेल्जियममध्ये गेंटच्या न्यायालयाने २०२१ मध्ये याच पंथाला याच प्रथेबद्दल ९६ हजार युरोंचा दंड ठोठावला. पुढच्याच वर्षी अपिलात तो रद्द झाला. नॉर्वे सरकारने पंथाचं अनुदान आणि नोंदणी काढून घेतली. पंथ सोडणाऱ्याला, विशेषतः बाप्तिस्मा घेतलेल्या अल्पवयीन मुलांना, बाहेर पडण्याचं स्वातंत्र्य राहत नाही, हे कारण. २०२४ मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयाने सरकारची बाजू मान्य केली, तर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ती फिरवली. तीन प्रगत लोकशाह्या चाचपडत आहेत, तेव्हा आपल्याकडे गोंधळ आहे याची लाज वाटायचं कारण नाही.

मला स्वतःला यातून काय वाटतं ते सांगतो. कुणी कुणाशी बोलावं, कुणाला जेवायला बोलवावं, कुणासोबत प्रार्थना करावी, हे कायद्याने लादता येणार नाही, लादूही नये. तिथे मी कॅनडाच्या न्यायालयासोबत आहे. पण ज्या क्षणी बोलणाऱ्याला दंड बसतो, विहीर, रस्ता, दफनभूमी, शाळा, मजुरी बंद होते, लग्न मोडलं जातं, त्या क्षणी तो धर्माचा अंतर्गत मामला राहत नाही. ती एका माणसाच्या नागरिकत्वावर दुसऱ्यांनी बजावलेली जप्ती असते. आणि लहान मूल असेल तर रेषा आणखी अलीकडे ओढायला हवी. अमेरिकेत १९७२च्या योडर खटल्यात आमिश पालकांना आठवीनंतर मुलं शाळेत न पाठवण्याची मुभा मिळाली, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी विचारलं होतं की या मुलांना स्वतःला काय हवं आहे, हे कुणी विचारणार आहे का? अर्ध्या शतकानंतरही हा प्रश्न तसाच आहे.

याउलट सरकारच श्रद्धेची व्याख्या करू लागलं तर काय होतं, हे पाकिस्तानात पाहा. १९८४च्या अध्यादेशाने अहमदियांना स्वतःला मुसलमान म्हणवणं, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं हा गुन्हा ठरवला. अख्खा समाज राज्यानेच वाळीत टाकला. म्हणून मी म्हणतो, कायद्याने धर्मग्रंथ उघडून बसू नये. माणसावर काय परिणाम झाला ते पाहावं.

आणि नेमकं हेच आपल्या महाराष्ट्राने केलं आहे, याचा मला अभिमान वाटतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध गावोगावी केलेल्या कामातून उभा राहिलेला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आपल्या विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये एकमताने मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. गावकी असो, जातपंचायत असो की धर्मगुरू, तो कुणाचाही धर्म विचारत नाही. सण-समारंभ, अंत्यविधी, लग्न, शाळा, सेवा यांतून एखाद्याला वगळलं का, एवढंच तो विचारतो. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य.

त्याची अंमलबजावणी मात्र आपल्या, म्हणजे वकिलांच्या, हातात आहे, आणि ती फार कच्ची आहे. गुन्हा दखलपात्र असूनही काही ठाण्यांत तक्रारदाराला अदखलपात्र नोंदीचा कागद देऊन घरी पाठवतात, हे मी पाहिलं आहे. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोड होऊ शकते. पण ज्याला त्याच गावात राहायचं आहे त्याची संमती कशी मिळवली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. न्यायाधीशांनी तडजोडीआधी पीडिताशी एकट्याने बोलावं, घरातल्या बायकांशी वेगळं बोलावं, असा आग्रह आपण धरला पाहिजे. बहिष्काराचा ठराव कधीच कागदावर नसतो, म्हणून पुरावा कसा गोळा करायचा, दंडाची वही, मोबाईलवरचे निरोप, गिरणीवाल्याचा जबाब, याचं साधं टिपण तालुक्याच्या विधी सेवा समितीत मराठीत असायला हवं. दुपारच्या सत्रात त्याचा मसुदा मी आपल्यापुढे ठेवणार आहे. तो वाचा, खोडा, त्यात भर घाला, आणि संध्याकाळी घरी जाताना आपल्या तालुक्यासाठी एक प्रत सोबत न्या.