संकेतस्थळ आणि त्यामागचे जाळे

बालाघाट जिल्ह्यातील कटंगी हे महाराष्ट्राच्या सीमेजवळचे गाव असून तेथे शिक्षणात हिंदी असली, तरी काही घरांत मराठी आणि पोवारी बोलली जाते. अशा गावातील विद्यार्थी संकेतस्थळ तयार करायला शिकतो, तेव्हा त्याची सुरुवात बहुधा एचटीएमएलपासून, म्हणजे मजकुरातील शीर्षक, परिच्छेद आणि दुवा कोणता हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणांच्या भाषेपासून होते. एवढ्यासाठी इंटरनेटची जोडणीही लागत नाही, कारण संगणकात साठवलेली फाईल त्याच संगणकावरील ब्राउझर उघडून दाखवतो. खरी अडचण ते पान दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडेनासे झाले की येते, आणि तेथे नेटवर्कचे ज्ञान नसलेला विद्यार्थी निर्दोष पानातच चुका शोधत बसतो, ही खेदाची गोष्ट आहे.

पान सर्व्हरवर, म्हणजे मागणी येताच फाईल पाठवणाऱ्या संगणकावर, ठेवलेले असते. वाचक संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण यंत्रांना अंकी आयपी पत्ता लागतो. नावावरून तो पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये मांडली. त्यानंतर मजकूर पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत निघतो, राउटर त्यांना वाट दाखवतात, आणि टीसीपी हा नियमसंच तुकडे क्रमाने लावून हरवलेले पुन्हा मागवतो. म्हणून अंकी पत्त्यावरून उत्तर मिळते पण नावावरून मिळत नाही, असे आढळल्यास संशय प्रथम डीएनएसवर घ्यावा.

मराठी पानासाठी आणखी काळजी हवी. युनिकोड प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक देते, परंतु हिंदी आणि मराठीचे क्रमांक तेच असल्याने पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये वेगळे नोंदवावे लागते. तशी सोय असलेला फॉन्ट मग ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने दाखवतो. सीमेवरच्या विद्यार्थ्याने ही छोटी नोंद कधीही टाळू नये.

2014 पासून ‘.भारत’ने संपणारे नाव देवनागरीत नोंदवता येते. असे नाव डीएनएसकडे पाठवण्यापूर्वी ब्राउझर प्युनिकोड या पद्धतीने त्याचे रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघा यांत रूपांतर करतो, त्यामुळे ते उघडले नाही तर कारण शोधणाऱ्याला नावाची दोन्ही रूपे तपासावी लागतात.