त्यागाच्या भरवशावरची बालवाडी



 ही बालशिक्षण परिषद डहाणूत भरली आहे, कोसबाडची टेकडी इथून जवळ आहे. साहजिकच सकाळपासून, तिथे बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे स्मरण प्रत्येक वक्त्याने केले. मला त्यांच्या कामाविषयीच बोलायचे आहे, पण त्या कामाचा खर्च कोणी सोसला, या अंगाने.

भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीच्या बालशिक्षणाचा पाया घातला. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण ते बालशिक्षण शहरातल्या, फी भरू शकणाऱ्या घरांचे होते. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई त्यांना येऊन मिळाल्या, आणि तिथे पहिल्याच पावलाला कळले की गरीब वस्तीतले मूल बालवाडीपर्यंत येत नाही. मग बालवाडीच वस्तीवर, घरांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. महागडी साधने बाजूला ठेवून शंखशिंपले, चिंचोके, खडे, पाने घेतली. आधी मुलांना अंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. पुढे कोसबाडला वारली मुले गुरांमागे रानात जातात असे दिसले, तेव्हा शाळा कुरणात गेली. मुलाच्या जगण्याप्रमाणे शाळेने आपली जागा आणि वेळ बदलायची, हा विचार त्या काळात आपल्या देशात इतक्या ठामपणे फार थोड्यांनी अमलात आणला. हे सारे चालले देणग्यांवर, तुटपुंज्या अनुदानावर आणि या दोघींनी ओतलेल्या आपल्या अवघ्या आयुष्यावर.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. ही मोठी गोष्ट आहे, तिचे मोल मी कमी करणार नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सर्वत्र पोहोचवण्याचे आदेश दिले, केंद्रे वाढली, आज पाड्यापाड्यांत अंगणवाडी आहे. मात्र सरकारने बोर्डी-कोसबाडहून नाव आणि कल्पना घेताना तिथला त्यागही गृहीत धरला. अनुताईंनी स्वखुशीने जे दिले, ते लाखो गरजू बायकांकडून योजनेची अट म्हणून घेतले जाऊ लागले. सेविकेला पगार नाही, मानधन. ती कर्मचारी नाही, मानसेवी कार्यकर्ती. माझ्या मते बालशिक्षणाच्या सरकारी व्यवस्थेतले मूळ दुखणे हेच आहे.

योजनेत सेवा सहा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. त्या वस्तीपर्यंत पोहोचवण्याचा भार एकाच बाईवर. समोर बसलेल्या सेविका भगिनींनो, तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही रोज करता! वजने घ्यायची, घरी न्यायचा शिधा (टीएचआर) वाटायचा, गरोदर आणि स्तनदा मातांकडे गृहभेटीला जायचे, पोषण ट्रॅकर या ॲपवर माहिती भरायची, त्यातच मतदार यादीचे काम येते. मग तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिकणे उरलेल्या वेळात. खिचडी शिजली का हे तपासायला अधिकारी येतात, आणि ते यायलाच हवेत. पण आज मुलांनी मातीत काय बनवले, कोणती गोष्ट ऐकली, कोणते मूल अजून बोलत नाही, हे विचारायला कोणी आल्याचे तुमच्यापैकी फार थोड्या सांगू शकतील.

कायद्यानेही या मुलांना वाऱ्यावर सोडले आहे. राज्यघटनेच्या मूळ अनुच्छेद 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा निर्देश होता. खालची वयोमर्यादा त्यात नव्हती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाला, पण फक्त सहा ते चौदा वयोगटासाठी. सहा वर्षांखालच्यांसाठी राज्याने 'प्रयत्न करावा', एवढेच राहिले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातले कलम 11 ही सोय करणे न करणे सरकारच्या मर्जीवर सोडते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि 2030 पर्यंत सर्वांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळेल असे म्हटले. धोरण वाचून आनंद झाला, परंतु हक्क नसेल तर पैसा मागायचा कशाच्या जोरावर? पहिलीच्या शिक्षकाचे पद मंजूर होते, वेतनश्रेणी लागते, निवृत्तिवेतनाची काही तरी तरतूद असते. त्याच आवारातल्या सेविकेसाठी केंद्राने 2018 मध्ये दरमहा 4500 रुपये ठरवले, ज्यात केंद्र आणि राज्याचा वाटा साधारण 60 आणि 40 टक्के. महाराष्ट्राने त्यावर आपली भर घातली, तरीही 2023 च्या अखेरीस सेविकांना संपावर जावे लागले.

एप्रिल 2022 मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू होतो असा निकाल दिला. तुमचे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच आहे, हे न्यायालयाने मान्य केले, आणि अंगणवाडीतले पूर्वप्राथमिक शिक्षण शिक्षणहक्क कायद्यातल्या कलम 11 शी जोडले. या निकालाची प्रत अंगणवाड्यांच्या प्रत्येक बीटमध्ये असायला हवी.

दरम्यान ज्यांच्याकडे चार पैसे आहेत त्या पालकांनी आपली वाट शोधली. तालुक्याच्या गावी खासगी नर्सऱ्या निघाल्या. तिथे साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देतात आणि वही भरली की पालकांना शिक्षण झाल्यासारखे वाटते. पालकांना मी दोष देत नाही. अंगणवाडीत कोणी शिकवते यावर त्यांचा विश्वास बसेल असे आपण काही केले नाही. आणि ज्यांना ती वाटही नाही, त्यांची मुले? दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीला आणि आपल्या जिल्ह्यातून वीटभट्टीवर कुटुंबे जातात. मोठ्या भावंडासाठी निदान शाळा, वसतिगृह यांची चर्चा होते. चार वर्षांची मुलगी फडाच्या कडेला तान्ह्याला सांभाळत बसते. कुरणात शाळा नेणाऱ्यांच्या या भूमीत भट्टीवर बालवाडी नेणे अशक्य कसे असेल? नेणाऱ्या बाईला पगार द्यावा लागेल, एवढेच.

म्हणून या परिषदेपुढे ठराव मांडते. तीन ते सहा वयोगट शिक्षणहक्क कायद्यात आणावा. प्रत्येक अंगणवाडीत आहार-आरोग्याच्या सेविकेशिवाय शिकवणारी एक स्वतंत्र, प्रशिक्षित शिक्षिका नेमावी. त्या पदावर आजच्या पात्र सेविकांचा पहिला अधिकार असावा, आणि या शिक्षिकेला प्राथमिक शिक्षकाच्या बरोबरीची वेतनश्रेणी द्यावी. हा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात शिक्षणाच्या लेखाशीर्षाखाली दिसला पाहिजे. आपापल्या आमदारांना गाठून अधिवेशनाआधी हा ठराव त्यांच्या हाती द्या, आणि त्यावर ते सभागृहात बोलतात की नाही ते पाहा.