छापणे आणि कळविणे



अन्याय झाला की तो पत्रात छापून आला पाहिजे, आणि छापून आला म्हणजे सरकारच्या कानी गेला, अशी आपली जुनी समजूत आहे. इतर अन्यायांपुरती ती बऱ्याच अंशी खरीही असेल. परंतु लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असता ती घातक ठरते. तेथे कायदा पत्रकारास सांगतो की, पोलिसांना कळवा, आणि मूल कोणाचे हे लोकांना कळू देऊ नका.

हा कायदा २०१२ सालचा. कोर्टकचेरीत त्यास पॉक्सो म्हणतात. अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल, मग तो मुलगा असो वा मुलगी, त्याच्या संरक्षणाखाली येते. त्याचे कलम १९ तुम्हां-आम्हां सर्वांवर बंधनकारक आहे. अपराध झाल्याचे ज्यास ठाऊक आहे, किंवा तो घडेल अशी ज्यास धास्ती वाटते, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. त्यापुढे कलम २० खास वेगळे केले आहे. वृत्तपत्रे व इतर माध्यमे, हॉटेल, लॉज, रुग्णालय, क्लब, फोटो स्टुडिओ यांतील कोणाच्याही दृष्टीस मुलाचे लैंगिक शोषण दाखविणारे चित्र वा वस्तू पडली, तर त्याने ती माहिती पोलिसांस द्यावयाची आहे. 'कामावर माणसे किती, याचा विचार न करता' असा त्या कलमाचा आशय आहे. म्हणजे मोठे दैनिक जितके बांधलेले, तितकाच एकट्याने दुकान चालविणारा छायाचित्रकारही. आपल्या वस्तीत मोबाईलवर बातम्या देणारा तरुण स्वतःस पत्रकार म्हणवीत असेल, तर माझ्या मते तोही यातून सुटत नाही.

माध्यमांना वेगळे का काढले? कारण असली चित्रे पुष्कळदा पोलिसांच्या आधी त्यांच्याच टेबलावर येऊन पडतात. 'बातमी देणाऱ्याचे नाव आम्ही सांगत नसतो' असे संपादक म्हणतात. ते इतरत्र ठीक आहे; पण कलम २० मध्ये पत्रकारांसाठी तसा अपवाद ठेवलेला नाही. न कळविल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. ही शिक्षा कागदावरची समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा येथील वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणी, न कळविल्याबद्दल एका डॉक्टरवर झालेली कारवाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरविला आणि जाणूनबुजून न कळविणे हा गंभीर अपराध असल्याचे बजावले.

आता दुसरी बाजू. कलम २३ प्रमाणे मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, कुटुंब, शेजार, यांपैकी ज्यावरून ओळख पटेल असे काहीही विशेष न्यायालयाच्या परवानगीवाचून छापता येत नाही. २०१८ साली कठुआ येथील आठ वर्षांच्या मुलीचे नाव व छायाचित्र देशभर फिरले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याबद्दल अनेक वृत्तसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरावयास लावले. आपल्या लोकांचा मोर्चा निघतो तेव्हा फलकावर मुलीचा फोटो लावण्याचा मोह होतो. हेतू चांगला असतो, हे मी जाणतो. पण त्या मुलीला पुढे त्याच गावात शाळेत जावयाचे असते, हे फलक रंगविताना कोणी मनात आणीत नाही.

तेव्हा असे चित्र तुमच्या हाती आले तर ते पत्रकाराकडे किंवा शेजाऱ्याकडे पाठवू नका. ते पुढे पाठविणे हाच गुन्हा होऊ शकतो. मोबाईल घेऊन थेट ठाण्यात जा, अथवा १०९८ या क्रमांकावर मदत मागा. सद्भावनेने कळविणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कायदाच सांगतो. ठाणेदार 'उद्या या' म्हणाला, तर माहिती नोंदवून न घेणे हाही कलम २१ खालचा अपराध आहे, हे त्यास शांतपणे सांगा. तुमचे म्हणणे लेखी उतरवून तुम्हांस वाचून दाखविले पाहिजे आणि त्यास नोंद क्रमांक दिला पाहिजे. तो क्रमांक घेतल्यावाचून ठाण्यातून उठू नका.